आमच्या मधमाश्यांचे नामकर्ते योहान ख्रिश्चन फाब्रिसियस

पवित्र शास्त्रातील उत्पत्तीच्या पुस्तकात अशी कथा आहे की, परमेश्वराने सर्व वनपशू व आकाशातील पक्षी आदामापुढे आणिले, आणि आदामाने ज्यास जे नाव दिले तेच त्याचे नाव झाले. ह्या कथेत कीटकांचा निर्देश नाही. पशुपक्ष्यांहून कितीतरी पटींनी अधिक असलेल्या ह्या जीवांच्या नामकरणाचे काम जणू मागाहून येणाऱ्या पिढ्यांकरिता राखून ठेविले असावे. अठराव्या शतकात ज्या मोजक्या पुरुषांनी हे काम अंगावर घेतले, त्यांत डेन्मार्कच्या राज्यातील विद्वान योहान ख्रिश्चन फाब्रिसियस ह्यांची गणना अग्रभागी होते. त्यांनी आपल्या हयातीत जवळजवळ १०,००० कीटकांस नावे दिली. हिंदुस्थानात ते कधीही आले नाहीत. तथापि राजूरच्या परिसरात कड्यांवर, झुडपांत व झाडांच्या ढोल्यांत नांदणाऱ्या मधमाश्यांच्या तीन जाती आज जगभर ज्या नावांनी ओळखल्या जातात, ती नावे त्यांचीच देणगी होय. म्हणून त्यांचे चरित्र आमच्या विद्यार्थ्यांपुढे थोडक्यात मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम ह्या तीन माश्यांची ओळख करून देणे अवश्य आहे. राजूर हे गाव अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यात अकोले तालुक्यात सह्याद्रीच्या कुशीत वसले आहे. भंडारदऱ्याचा जलाशय, १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर, रतनगड व हरिश्चंद्रगड ही सारी ह्याच टापूतील स्थळे. येथील महादेव कोळी व ठाकर समाजांतील जुन्या माणसांस मधमाश्यांची पारख पुस्तकावाचून आहे. उंच कड्यास किंवा थोर वृक्षाच्या फांदीस एकच मोठे पोळे लावून राहणारी, चवताळली असता माणसाचा जीव घेणारी, ती आग्या. ढोलीत, कपारीत किंवा जुन्या भिंतीच्या कोनाड्यात एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधणारी ती सातेरी. झुडपाच्या डहाळीभोवती तळहाताएवढे एकच पोळे करणारी चिमुकली माशी, तिला पुस्तकांतून फुलोरी असे म्हणतात. हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. पण ते डोंगराबाहेर गेले नव्हते. राजूरची सातेरी व दूर देशीची एखादी माशी ह्या एकाच जातीच्या की निराळ्या, हे ठरविण्यास सर्व देशांस समजेल असे एक नाव लागते. ते नाव देणारा मुलगा सह्याद्रीपासून हजारो कोस दूर जन्मास आला.

फाब्रिसियस ह्यांचा जन्म ७ जानेवारी १७४५ रोजी श्लेसविग प्रांतातील ट्योनर ह्या गावी झाला. त्यांचे वडील वैद्य होते. आरंभीचे शिक्षण संपल्यावर १७६२ साली ते कोपनहेगनच्या विद्यापीठात दाखल झाले. परंतु त्याच वर्षी आपला आप्त व मित्र योहान झोएगा ह्यास बरोबर घेऊन ते स्वीडनमधील उप्साला येथे गेले. त्या वेळी उप्सालाचे नाव सर्व युरोपात गाजत होते, आणि त्याचे कारण एकच: कार्ल लिनियस हे तेथे अध्यापक होते. प्रत्येक प्राण्यास व वनस्पतीस दोन शब्दांचे नाव द्यावे, पहिला शब्द वंशाचा व दुसरा जातीचा, ही पद्धत लिनियसांनीच रूढ केली. आपल्याकडे जसे घराण्याचे नाव व व्यक्तीचे नाव मिळून माणूस ओळखला जातो, तसाच हा प्रकार होय.

फाब्रिसियस दोन वर्षे लिनियसांपाशी राहिले. हे शिक्षण केवळ व्याख्यानांचे नव्हते. हिवाळ्यात हे तरुण गुरुजींच्या घरासमोरच राहत. गुरुजी जवळजवळ रोज तांबडा आखूड झगा अंगात घालून, डोक्यावर हिरवी केसाळ टोपी चढवून व हाती चिलीम घेऊन त्यांच्या खोलीवर येत. अर्धा तास बसावयाचे म्हणून येत आणि तास दोन तास बोलत राहत. उन्हाळ्यात गुरुजी आपल्या हामार्बी येथील मळ्यात गेले की शिष्यही मागोमाग तेथे जाऊन राहत. थोर पुरुषाच्या सहवासात राहून त्याचा विचार कसा चालतो हे पाहण्यास मिळणे, ही विद्यार्थिदशेतील सर्वांत मोठी मिळकत होय. ती फाब्रिसियसांस मिळाली, आणि त्यांनी ती उधळली नाही.

मात्र ते गुरूंचे केवळ अनुकरण करणारे शिष्य नव्हते. लिनियसांनी कीटकांची वर्गवारी मुख्यत्वे पंखांवरून केली होती. पंख मोठे, स्पष्ट व पाहावयास सोपे. म्हणून ही रीत सोयीची होती. फाब्रिसियसांच्या मनाने निराळी वाट धरिली. जीवाचे सारे आयुष्य त्याच्या अन्नाभोवती फिरते. ज्यांचे अन्न व अन्न घेण्याची रीत सारखी, ते जीव एका वंशाचे मानणे युक्त, असा त्यांचा विचार होता. म्हणून कीटकाचे तोंड पाहावे, त्याचे जबडे, ओठ व सोंड तपासावी, आणि त्यांवरून वंश ठरवावा, असे त्यांनी ठरविले. हे काम अतिशय किचकट होते. मुंगीएवढ्या जीवाचे तोंड भिंगाखाली धरून त्याचे अवयव वेगवेगळे ओळखावयाचे, तेही सुकलेल्या व कधी कधी मोडक्या नमुन्यात! परंतु ह्याच पद्धतीने त्यांनी १७७५ साली आपला पहिला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि वयाच्या तिसाव्या वर्षी ते कीटकशास्त्राचे आचार्य गणले जाऊ लागले.

मधमाशीच्या बाबतीत ह्या पद्धतीचे मर्म विशेष रीतीने ध्यानात येते. माशीची सोंड जेवढी लांब तेवढ्या खोल फुलातील मधुरस तिला मिळावयाचा. आग्या माशीची सोंड लांब, फुलोरीची आखूड, सातेरीची मध्यम. म्हणजे माशीचे तोंड पाहणे हे तिच्या फुलांची चौकशी करण्यासारखेच आहे. कोणती माशी कोणत्या फुलावर जाते हा प्रश्न फाब्रिसियसांनी आपल्या ग्रंथांत सविस्तर सोडविला नाही. परंतु त्या प्रश्नाची किल्ली जेथे आहे त्याच अवयवावर त्यांनी बोट ठेविले, हे खरे.

उप्सालाहून परतल्यावर त्यांनी पुष्कळ प्रवास केला. हॉलंड, स्कॉटलंड व इंग्लंड ह्या देशांतील विद्वानांच्या भेटी त्यांनी घेतल्या. लंडन शहर त्यांस फार प्रिय झाले व पुढे ते तेथे वारंवार जात असत. सर जोसेफ बँक्स, डॉक्टर हंटर, ड्रूरी इत्यादी गृहस्थांपाशी जगाच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या कीटकांच्या पेट्या होत्या. फाब्रिसियस त्या पेट्यांपुढे बसत, एकेक नमुना तपासत, आणि लॅटिन भाषेत दोन दोन ओळींचे वर्णन लिहीत. स्वतःजवळ पैसा नसता दुसऱ्यांच्या संग्रहांतून एवढे ज्ञान गोळा करणारा असा मधुकर विरळाच.

त्यांचा संसार व नोकरी ही मात्र सुखाची नव्हती. १७७० साली त्यांस कोपनहेगन येथे अध्यापकाची जागा मिळाली. १७७१ साली आना सेसिलिया आम्ब्रोसियस ह्या सुशिक्षित स्त्रीशी त्यांचा विवाह झाला. १७७५ साली कील येथील विद्यापीठात निसर्गशास्त्र व अर्थशास्त्र ह्या दोन विषयांचे अध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. तेथे पदार्थसंग्रहालय व वनस्पतिउद्यान उभारून देण्याचे आश्वासन त्यांस मिळाले होते; ते पाळले गेले नाही. निराश होऊन त्यांनी अनेकदा राजीनामा देण्याचे मनात आणिले. अखेर विद्यार्थ्यांनी युवराजाकडे रदबदली केल्यामुळे ते त्या जागी राहिले. ज्या शिक्षकाकरिता विद्यार्थी राजद्वारी जातात, तो शिक्षक कसा असेल ह्याची कल्पना वाचकांनीच करावी.

आता हिंदुस्थानातील कीटक ह्या गृहस्थांच्या हाती कसे आले ते सांगितले पाहिजे. तामिळ देशाच्या किनाऱ्यावर तरंगंबाडी नावाचे बंदर आहे. युरोपियन लोक त्यास ट्रांकेबार म्हणत. १६२० सालापासून १८४५ सालापर्यंत ते डेन्मार्कच्या ताब्यात होते, आणि १७०६ साली त्सीगेनबाल्ग हे प्रॉटेस्टंट मिशनरी तेथेच उतरले. ह्या मिशनच्या मंडळींत धर्मकार्याबरोबर सृष्टीचे निरीक्षण करणारे पुरुष निपजले. १७६८ साली वैद्य म्हणून तेथे आलेले योहान गेरहार्ड केनिग हे लिनियसांचेच शिष्य, म्हणजे फाब्रिसियसांचे गुरुबंधू. त्यांनी दक्षिण हिंदुस्थानातील वनस्पती व कीटक परिश्रमपूर्वक जमविले आणि १७८५ साली ह्याच देशात देह ठेविला. त्यांच्यामागे मिशनरी जॉन, डेन्मार्कचे अधिकारी डाल्डोर्फ इत्यादिकांनी हा क्रम चालू ठेविला. ऊन, दमट हवा, मुंग्या व वाळवी ह्यांपासून वाचवून, कित्येक महिन्यांच्या समुद्रप्रवासावर पाठविलेले ते इवलेसे नमुने युरोपात पोहोचत. पाठविणारांपैकी पुष्कळांस आपल्या श्रमांचे फळ पाहण्याचे भाग्य लाभले नाही.

अशा रीतीने पूर्वेकडून आलेल्या नमुन्यांवरून फाब्रिसियसांनी १७८७ साली लहान माशीस एपिस फ्लोरिया हे नाव दिले. एपिस म्हणजे लॅटिन भाषेत मधमाशी, आणि फ्लोरिया ह्यात फुलाचा अर्थ आहे. १७९३ साली आग्या माशीस एपिस डोर्साटा व सातेरीच्या जातीस एपिस सेराना अशी नावे त्यांनी छापली. पुढे १७९८ साली त्यांनी एपिस इंडिका ह्या आणखी एका माशीचे वर्णन केले. ह्या शेवटच्या नावाचा इतिहास विलक्षण आहे. तो पुढे येईल.

ह्या तिन्ही जाती ओळखाव्या कशा व त्यांचा वास कोठे आहे, हे आपल्या राजूरच्या दृष्टीने पाहू. आग्या माशी तिघींत सर्वांत मोठी. तिचे एकच उघडे पोळे कधी कधी दीड मीटरपर्यंत रुंद होते. पोळ्यावर माश्यांचा जाड पडदा असतो, आणि शत्रू जवळ येताच त्या पडद्यावर पाण्याच्या लाटेप्रमाणे थरार उठतो. हिचा प्रदेश हिंदुस्थान व सिंहलद्वीप येथून पूर्वेस फिलिपाइन्स बेटांपर्यंत आहे. ही एके ठिकाणी बारमास राहत नाही. फुलांचा हंगाम संपला की सबंध वसाहत पोळे टाकून कोसच्या कोस दूर जाते, आणि अनुकूल काळ येताच पुनः त्याच कड्यास परतते. म्हणून राजूरच्या आसपासचा एखादा कडा एका ऋतूत पोळ्यांनी भरलेला व दुसऱ्या ऋतूत ओसाड दिसतो. माशी नाहीशी झाली असा तर्क त्यावरून करणे योग्य नाही.

फुलोरी माशी सर्वांत लहान. तिच्या पोटाचा पुढचा भाग तांबूस व मागचा काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा असतो. इराण व ओमानपासून थेट इंडोचायनापर्यंत तिचा प्रसार आहे. उष्ण व मोकळा मुलूख तिला मानवतो. म्हणून उंच डोंगरमाथ्यापेक्षा पायथ्याची शेते, कुंपणे व काटेरी झुडपे ह्यांत तिचा शोध करावा. पोळे ज्या डहाळीस असते तिच्या दोन्ही बाजूंस ती चिकट राळेचे कडे लावून ठेविते. मुंग्या त्या कड्यात अडकतात व पोळ्यास पोहोचत नाहीत. एवढ्याशा जीवास दिलेली ही बुद्धी पाहून कोणाचे मन नम्र होणार नाही?

सातेरीचा विस्तार सर्वांत मोठा, अफगाणिस्तानापासून जपानपर्यंत. ती अंधाऱ्या पोकळीत समांतर पोळी बांधते, आणि म्हणूनच तिला लाकडी पेटीत पाळता येते. सांप्रत आपल्या देशात युरोपातील मधमाशीही पाळण्यात आहे. तिला लोक इटालियन माशी म्हणतात. १९६२ साली नगरोटा बगवान येथे तिचा यशस्वी प्रवेश झाला. तिच्यात व सातेरीत भेद कसा करावा? सातेरी आकाराने लहान असते, एवढ्यावर विसंबू नये. मागच्या पंखातील शिरा भिंगाने पाहाव्या. सातेरीच्या त्या पंखात एका शिरेचा लहानसा फाटा पुढे गेलेला दिसतो. युरोपीय माशीत तो नसतो. रंग फसवितो, आकार फसवितो, शीर सहसा फसवीत नाही. फाब्रिसियसांच्या परंपरेतील शास्त्रज्ञ सूक्ष्म अवयवांवर एवढा भर का देतात, हे ह्यावरून कळेल.

आता फुलांकडे वळू. ज्या १७९३ साली आग्या व सातेरी ह्यांस शास्त्रीय नावे मिळाली, त्याच वर्षी जर्मनीत स्प्रेंगेल नावाच्या एका शाळामास्तराने फुले व कीटक ह्यांच्या परस्परसंबंधावर ग्रंथ छापिला. फुलाचे रंग, वास व मध ही कीटकास बोलाविण्याची साधने आहेत, आणि कीटक एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलास पोहोचवून फळ धरवितात, हे त्याने दाखविले. त्या काळी त्याची कोणी फारशी दखल घेतली नाही. परंतु माशीचे नाव व माशीचे फूल ही दोन ज्ञाने एकाच वर्षी छापली जावीत, हा सुंदर योगायोग होय.

राजूरच्या डोंगरात ह्या माश्यांचे वर्ष कसे जाते, हे येथील वृक्षवेली सांगतात. थंडी सरता सरता सावर, पांगारा व पळस फुलतात. पुढे जांभूळ व करवंद ह्यांचा बहर येतो. चैत्रवैशाखात हिरड्यास बारीक पांढुरका मोहोर येतो व त्यावर माश्यांची गर्दी होते. ह्या मोहोरापासून होणारी कोवळी फळे वाळवून बाळहिरडा तयार होतो, व तो विकून येथील कितीतरी आदिवासी कुटुंबे वर्षाची मीठमिरची विकत घेतात. पावसाच्या उतारास सोनकी व तेरडा डोंगर रंगवितात. मग खुरासणीची शेते पिवळी होतात. खुरासणीच्या झाडास स्वतःचे पराग चालत नाहीत. दुसऱ्या झाडाचे पराग आल्यावाचून दाणा भरत नाही. ते आणून देण्याचे मोठे काम मधमाश्या करितात. शेवटी कारवी. ही सामान्यतः सात वर्षांनी एकदाच फुलते, त्या वर्षी डोंगरच्या डोंगर जांभळे होतात, आणि बी धरून ती मरून जाते. त्या वर्षाचा मध जाणते लोक विशेष मानतात. तात्पर्य, येथील हिरडा, खुरासणी व रानातील असंख्य झाडे ह्यांचे फळणे मधमाश्यांच्या हाती आहे, आणि मधमाश्यांचे जगणे ह्या फुलांच्या हाती.

फाब्रिसियसांस ह्यांतील काहीही पाहावयास मिळाले नाही. हिरड्याचा मोहोर नाही, कारवीचे डोंगर नाहीत, कड्यावरचे पोळेही नाही. त्यांच्यापुढे टाचणीस टोचलेल्या सुक्या माश्या होत्या. त्यांची वर्णने अतिशय संक्षिप्त, आणि स्थळ म्हणून बहुधा एखाद्या देशाचे किंवा बंदराचे नाव एवढेच लिहिलेले. पुढील अभ्यासकांस त्यामुळे पुष्कळ त्रास झाला, व मूळ नमुने पाहिल्यावाचून निर्णय होईना. सुदैवाने त्यांनी तपासलेले पुष्कळ नमुने कोपनहेगन व लंडन येथील संग्रहालयांत अद्याप जतन केलेले आहेत. नाव देणारा गेला तरी ज्यावरून नाव दिले ती वस्तू जपून ठेवणे, ही शास्त्राची मोठी शिस्त होय.

त्यांच्या आयुष्याची अखेर दुःखात झाली. उत्तरवयात त्यांचे वास्तव्य बराच काळ पॅरिस शहरी असे. तेथे कुव्हिए, लात्रेय इत्यादी नामांकित शास्त्रज्ञ त्यांचे स्नेही होते. १८०४ साली मधमाश्या, गांधीलमाश्या व मुंग्या ह्यांच्या वर्गावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. परंतु १८०७ सालच्या सप्टेंबरात इंग्रजी आरमाराने कोपनहेगनवर तोफांचा भडिमार केला व शहराचा मोठा भाग जळाला. हे वर्तमान ऐकताच ते पॅरिस सोडून कील येथे परतले. ज्या इंग्लंडातील मित्रांच्या संग्रहांनी त्यांस मोठे केले, त्याच देशाच्या तोफांनी त्यांच्या मायदेशाची राजधानी भाजून काढावी, हा घाव त्यांच्या प्रकृतीस सोसवला नाही. ३ मार्च १८०८ रोजी, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले.

पण नामकर्त्याचे काम त्याच्या मृत्यूबरोबर संपत नाही. वर सांगितलेल्या एपिस इंडिका ह्या नावाचीच गोष्ट घ्या. पुष्कळ वर्षे आपल्या देशातील पुस्तकांत सातेरीस हेच नाव असे. पुढे अभ्यासकांनी ठरविले की, इंडिका व सेराना ह्या एकाच जातीच्या माश्या आहेत. आणि एका जातीस दोन नावे मिळाली असतील तर आधी छापलेले नाव खरे, असा शास्त्राचा नियम आहे. सेराना १७९३ चे, इंडिका १७९८ चे. म्हणून सेराना हे नाव राहिले व इंडिका हे पोटजातीचे नाव झाले. परंतु २०२२ साली केरळातील संशोधकांनी पंखांतील शिरांच्या मापांचे परस्पर प्रमाण काढून असे प्रतिपादन केले की, इंडिका ही स्वतंत्र जातीच आहे. एवढेच नव्हे तर सह्याद्रीत काळसर रंगाची आणखी एक निराळी जाती आहे. तिला त्यांनी एपिस कारिंजोडियन असे नाव मल्याळी लोकभाषेतील नावावरून दिले. तिचा प्रदेश त्यांनी गोवा, कर्नाटक, केरळ व तामिळनाडूचा काही भाग असा सांगितला आहे. ह्या मतावर शास्त्रज्ञांत अद्याप विचार चालू आहे. सव्वादोनशे वर्षांपूर्वी कीलच्या एका अध्यापकाने लिहिलेल्या दोन ओळींचा निवाडा आजही पुरा झालेला नाही!

हा वाद केवळ पंडितांचा आहे असे कोणी समजू नये. १९९१–९२ साली दक्षिण हिंदुस्थानात सातेरीच्या अळ्यांस थायी सॅकब्रूड नावाचा विषाणुजन्य रोग झाला, आणि केरळ व शेजारच्या प्रांतांतील पाळीव वसाहतींचा फार मोठा भाग थोड्याच काळात नष्ट झाला. अशा वेळी कोणती माशी कोणत्या जातीची, तिची मूळ वस्ती कोठवर, रानात तिचे वाण कोठे शाबूत आहे, हे ठाऊक नसेल तर उपाय करावयाचा कोणी व कशाचा? नाव चुकले की प्रदेश चुकतो, प्रदेश चुकला की रक्षण चुकते. राजूरचे डोंगर गोव्याच्या बरेच उत्तरेस आहेत. सातेरीत डोंगराळ काळसर व मैदानी पिवळसर असे दोन प्रकार सर्वत्र सांगितले जातात. येथील ढोलीतील काळसर माशी नेमकी कोणत्या नावाची, हे कीलमध्ये बसून कळणारे नव्हते व केरळात बसूनही कळणारे नाही. ते येथील माशीचा पंख येथेच कोणी मोजल्याने कळेल.

येथेच ह्या चरित्राचा बोध आम्हांस दिसतो. फाब्रिसियसांनी मधमाशीस नाव दिले, पण तिचा प्रदेश व तिची फुले लिहिण्याची जागा जवळजवळ कोरी राहिली. राजूरच्या वृद्ध मधकाढ्यास कडा, ऋतू व फूल ही सारी ठाऊक, पण ते कोठे लिहिलेले नाही. एकाजवळ नाव आहे, दुसऱ्याजवळ माशीचे जीवन आहे. दोन्ही एकत्र आल्यावाचून ओळख पुरी होत नाही. जो विद्यार्थी एक वही करून कोणत्या तारखेस कोणत्या फुलावर कोणती माशी दिसली एवढेच वर्षभर प्रामाणिकपणे टिपील, व गावातील जाणत्यांस विचारून त्यांची नावे शेजारी लिहील, तो केनिग व फाब्रिसियस ह्यांच्याच पंक्तीचे काम करील. त्याकरिता लंडनचा संग्रह लागत नाही. एक साधे भिंग व बारा महिन्यांची चिकाटी पुरे.

आणखी एक कर्तव्य आहे. आग्याच्या पोळ्यास मशाल लावून सबंध वसाहत जाळून मध काढण्याची रीत कित्येक ठिकाणी दिसते. पोळ्यातील मध वरच्या एका कोपऱ्यात साठविलेला असतो, खालच्या भागात अंडी व पिल्ले असतात. धूर करून माश्या बाजूस सारून मधाचाच भाग कापला, तर माशी जगते व पुढील हंगामात पुनः मध देते. जाळलेल्या पोळ्याबरोबर केवळ माश्या जळत नाहीत. पुढल्या वर्षाचा हिरडा व खुरासणीचा दाणाही त्यात जळतो. १९८६ साली कळसूबाई व हरिश्चंद्रगड ह्यांच्या परिसरात शासनाने अभयारण्य स्थापिले. त्या अभयारण्यात फुलाफुलावर फिरणाऱ्या ह्या लहान जीवांचाही वाटा आहे, हे विसरता कामा नये.

पाळले न गेलेले आश्वासन, न उभारलेले संग्रहालय आणि परदेशी मित्रांच्या उसन्या पेट्या एवढ्या भांडवलावर ह्या पुरुषाने एका अपार सृष्टीची नोंद केली. आदामाने आरंभिलेले काम त्यांनी आपल्या वाट्यापुरते श्रद्धेने केले व उरलेले आमच्या स्वाधीन केले. परमेश्वराने आपल्या दारात ठेविलेल्या जीवांस आपण नावाने ओळखू नये, ही उणीव आमच्या विद्यार्थ्यांनी फार दिवस राहू देऊ नये, एवढीच आमची त्यांस विनंती आहे.